तळाचं फूल

मिरजेत, दवाखान्याच्या फाटकासमोर
जैतूनबी बागवानची गाडी.
सफरचंदं, शहाळी, किवीचे डबे,
आणि कोपऱ्यात ओल्या गोणपाटावर
जांभळी-काळी, मुठीत मावतील अशी दहा-बारा.
"मँगोस्टीन. थायलंडचं. एक नव्वदला.
आपल्या आमसुलाचाच भाऊबंद, पण शिकलेला."

वर पुठ्ठ्याची पाटी:
रक्त वाढते. सूज उतरते.
साखर आटोक्यात. त्वचा तजेलदार.
शेवटची ओळ रसाच्या डागाखाली गेलेली.
तिथं काय बरं होत होतं, कुणास ठाऊक.

"खरं असतं का हो हे?"
"पाटी नातवाची. मोबाइलात बघून लिहितो.
मला आपलं एवढंच कळतं..."
तिनं फळ उलटं केलं.
तळाला लाकडात कोरल्यासारखं
नखाएवढं फूल.
"पाकळ्या मोज. सहा? मग आत फोडी सहाच.
कमी निघाली तर पैसे परत.
एवढं छातीठोक आतले डॉक्टर पण सांगत नाहीत."

रविवारपासून मी चहा-बिस्किटावर होते.
तरी नव्वद दिले.

शिदूमामा मशीनला जोडलेला.
मंगळवार, शुक्रवार. चार-चार तास.
दिवसाला पाऊण लिटर पाणी,
बाटलीवर पट्ट्या मारून.
चाळीस वर्षं तंबोऱ्याचे भोपळे घासलेला हात
आता चादरीवर नुसताच.

"फळ? ह्यांना?" एस्तेर सिस्टर कडाडल्या.
"पोटॅशियम किती आलंय बघितलंत का?
त्या पाटीवर हे लिहिलेलं नसतं."

मी फळ पिशवीत घालायला लागले.
"आण इकडं," मामा म्हणाला.
कानाशी धरलं. नखानं टिचकी मारली.
पुन्हा एकदा, देठाजवळ.
"कच्चा आवाज. भोपळा असा वाजला असता
तर मालकानं गाडीसकट माघारी धाडला असता.
तू खा. इथंच खा. आणि सांग मला."

दोन्ही तळव्यांत दाबलं.
साल तडकली, ओढणीला लाल डाग पडला,
जो अजून गेलेला नाही.
आत पांढऱ्याशुभ्र,
लसणाच्या गड्ड्यासारख्या दाटीवाटीनं बसलेल्या.

"कसं लागतं?"
"गोड."
"गोड तर गूळ पण लागतो. नीट सांग."
"कलिंगडाचा मधला गर असतो ना,
त्याला आमसुलाचं बोट लागल्यासारखं.
आणि थंड. मुद्दाम न केलेलं थंड."
मामानं आवंढा गिळला.
तो पाण्याच्या हिशेबात धरत नाहीत.

दुसरी. तिसरी.
चौथीला मला कळलं की मला भूक लागली होती,
किती दिवसांची कोण जाणे.
पाचवी मी सांगायची विसरूनच खाल्ली.

"पाच झाल्या," मामा म्हणाला.
"तळाला सहा होत्या. मी मोजल्यात."

सहावी सगळ्यांत बारकी,
करंगळीच्या पेराएवढी.
मी सिस्टरांकडे बघितलं.
सिस्टर मशीनकडे वळल्या
आणि आकडे वाचत राहिल्या,
आकडे होते त्यापेक्षा बराच जास्त वेळ.

त्यानंतर वॉर्डात कुणीच काही बोललं नाही.
मामाचे गाल तेवढे हलत होते,
सावकाश, सुपारी चघळल्यासारखे.
मग सिस्टर पाठमोऱ्याच म्हणाल्या,
"आजच्या पाण्यातला एक घोट कमी करा.
आणि परत आणलंत तर मी गाडीच उलटवीन."

संध्याकाळी मामानं सालीच्या वाट्या मागितल्या.
चमच्याच्या दांड्यानं आतून खरवडत बसला,
कडेनं कडेनं, घाई न करता,
जशी तीस-तीस किलोच्या भोपळ्याला कधी केली नाही.
बोटं जांभळी झाली.
टिचकी मारून बघितली, मान हलवली.

"हिला तार बसायची नाही," म्हणाला,
आणि वाटी खिडकीत उपडी ठेवली,
तळाचं फूल वर करून.
"पण वाळली की आवाज बदलतो.
राहू दे तिथंच.
शुक्रवारी वाजवून बघू."