पाऊण

खोर अल-मिल्हला रस्ता नाही, होडीनं जावं लागतं.
डोंगर थेट समुद्रात पाय सोडून बसलेले
आणि त्यांच्या मांडीवर हे एवढंसं देऊळ.
देऊळच म्हणतो मी. वसईला आमच्या घरी
चर्चला तसंच म्हणतात.

भिंती प्रवाळाच्या, पाचशे वर्षांच्या,
दगडात शिंपले अजून तोंड उघडून.
मला बोलावलंय चुन्यासाठी.
इथं सारूज: लाल माती खजुराच्या झावळ्यांवर भाजलेली.
आमच्याकडे चुन्यात गूळ, बेलफळाचा चीक.
दोन्ही कालवून पाहिलं.
धरतात एकमेकांना.

किल्ली सुवैदाबाईंच्या कमरेला;
दार मात्र पडून सत्तर वर्षं झाली.
"वेदीवर आम्ही मासळी खारवायचो,"
हवापाणी सांगावं तसं सांगतात.
"त्याआधी शेळ्या.
त्याआधी मोती काढणारे, तापानं फणफणलेले,
आत गारवा म्हणून निजवायचे त्यांना.
त्याच्याही आधी तुमचे पाद्री."
तुमचे, म्हणताना माझ्याकडे बघतात.

"आणि घंटा?" प्राध्यापक विचारतात,
डेन्मार्कचे, नाक उन्हानं सोललेलं.
बाई उत्तर देत नाहीत, कॉफी कुटायला बसतात.
काशाचा खल. टण्, टण्, टटण्.
गल्लीतून माणसं येतात चपला ओढत;
खल वाजला म्हणजे घरी पाहुणे आहेत, या.
कॉफी ओतून झाल्यावर मी आत डोकावलो:
बुडाशी लोलकाची कडी,
घासून घासून बोटाला जेमतेम लागणारी.

दारावरची तुळई सागवानी.
तिच्यावर तीन उभ्या रेघा.
अहवालात लिहून झालं होतं: पवित्र त्रैक्य.
मी शिडीवर चढलो, मीठ झटकलं,
तर रेघांच्या आधी एक आकडा निघाला, आपला.
५॥।
पावणेसहा तसू.

बस्त्याव मेस्त्री, माझा चुलत आजा, असंच लिहायचा
फळीच्या कडेला: पावाला एक रेघ,
अर्ध्याला दोन, पाऊणला तीन.
म्हणजे कोणी सुतार तिकडनं आला होता.
सागाबरोबर आला, की सागासारखाच आणला,
मजुरी मिळाली की थकली,
त्याचा पासपोर्ट कोणाच्या कपाटात होता,
तुळईवर काही नाही.
तिच्यावर फक्त माप.

प्राध्यापकांनी त्रैक्य खोडलं. हिरमुसले जरासे.
मला वाटलं, राहू द्यायला हवं होतं का?

मग सहज टेप लावला, तसूंचा हिशेब केला.
भरलं साडेपाच.
दोनदा मोजलं. साडेपाचच.
पाव तसू मिठानं खाल्ला असेल,
नाहीतर उन्हात लाकूड आवळलं असेल,
नाहीतर मेस्त्रीच्याच हातून सुटला,
घरचं काहीबाही आठवताना.

खाली पुन्हा खल वाजायला लागला.
हातावरचा चुना वाळत आला होता.