दीड इंच

माग चालू होते तेव्हा दर अमावास्येला
अप्पा पेचकस घेऊन आठही खिडक्या फिरायचे.
वडगावच्या आमच्या गल्लीत हे कुणाला सांगावं लागत नसे:
चार माग एकदम खडखडले की भिंतीला थरथर सुटते,
आणि महिनाभरात खिडकीच्या मुठीचा स्क्रू
पडायला आलेल्या दुधाच्या दातागत
निम्मा बाहेर येऊन हलत बसतो.

माग भंगारात गेले त्याला अकरा वर्षं झाली.
स्क्रू आता ढिले होत नाहीत.
मुठीच तुटतात.
पहिली भाडेकरूच्या हातात आली.
चिकोडीचा पोरगा, नर्सिंगला आहे.
पितळेचा तुकडा माझ्यापुढं धरून म्हणाला,
"अंकल, मी काहीच केलं नाही ओ."
आणि ते खरंच होतं.
अकरा वर्षं कुणीच काही केलं नव्हतं.

पाठोपाठ आणखी दोन गेल्या.
नमुना खिशात टाकून गणपत गल्ली गाठली.
इरण्णानं तो तळहातावर तोलला,
दुकानात नाही, हे त्याला आधीच ठाऊक असणार,
तरी तोलला.
"हे बंद झालंय ओ. आता हे."
पांढरी, हलकी, पिशवीत सोबत दोन स्क्रू.
मी पट्टी मागून भोकांमधलं अंतर मोजलं:
जुनीत दीड इंच, नवीत चाळीस मिलिमीटर.
"दोन मिलिमीटरचं काय घेऊन बसलाय,
स्वल्प सरकवून घ्या की."
भाव कन्नडात पाडला, पैसे मराठीत मोजले.
आठही घेतल्या, एकसारख्या दिसाव्यात म्हणून.

घरी आल्यावर कळलं,
फूटभर सरकवता येतं, दोन मिलिमीटर येत नाही.
नवं भोक जुन्याला इतकं खेटून
की गिरमिट घसरतं आणि जुन्यातच उतरतं.
लाकूड फणसाचं, अप्पांनी खानापुराहून आणलेलं,
त्याला आपली जागा पाठ आहे.

मग काडेपेटी.
गुल मोडायचे, काडी डिंकात बुडवून
भोकात ठोकायची,
एका भोकाला तीन, कुठं चार,
आणि रात्रभर तिकडं बघायचंही नाही.
मालन म्हणाली, "सकाळी समई कशानं लावू?"

सात खिडक्यांना तीन दिवस लागले.
नंतर ध्यानात आलं, नवी मूठ उलटी फिरते.
जुनी वर केली की बंद व्हायची, ही खाली.
पोरगा एका दिवसात शिकला.
मी अजून उघडायला जातो
आणि होती तीही फट बंद करतो.

आठवी मागच्या खोलीतली,
जिच्या उजेडात बसून आई रहाटावर कांड्या भरायची.
पेचकस टेकवला, दुसऱ्या हातानं मूठ धरली,
तर अंगठ्याला खाच लागली.
मुठीच्या मानेवर, आडवी,
नख बसेल एवढी खोल, कडा गुळगुळीत.
आधी वाटलं, ओतताना राहिलेला दोष.

धागा तुटला की आई सुटं टोक
मुठीवरून घ्यायची, ताण राहावा म्हणून,
म्हणजे सांधायला दोन्ही हात मोकळे.
तेवढंच. एक आवंढा गिळेपर्यंत.
पण दिवसाला पन्नास-साठदा, आणि किती वर्षं,
ते तिनं मोजलं नाही, मीही विचारलं नाही.
रेशमानं पितळ कापतं असं कुणी म्हणालं असतं
तर मी हसलो असतो.

वर केली, बंद झाली. खाली केली, उघडली.
स्क्रू घट्ट.
पेचकस डब्यात ठेवला.

उरलेली नवी मूठ घेऊन परत इरण्णाकडं.
त्यानं फाडलेली पिशवी बघितली,
मूठ न बघताच माझ्याकडं सरकवली:
"हात लागलेला माल परत होत नाही ओ."
बरोबर आहे, म्हटलं.