जुळणी सापडली नाही

जानेवारीत कौतोकेइनोला सूर्य यायचा कंटाळा करतो.
अकराच्या सुमारास आभाळ जरा निळं होतं,
दीडला पुन्हा दिवा लावावा लागतो.
अशाच एका निळ्या तासाला एलेन-इंगा आली,
बुटांवरचा बर्फ दारात झटकून,
वय शहाऐंशी, कानात यंत्र.
म्हणाली, माझी मावशी हरवलीय.
तुमच्या त्या पेटीत बघ.

मला वाटलं, फोटो.
नाही. तिचा योइक.
मावशीवरचं गाणं का?
वरचं नाही रे. मावशीच.
डोंगरावर घर असतं,
डोंगर कधी डोंगरावर असतो?

पेटीत चाळीस हजार आवाज आहेत,
मेणाच्या नळकांड्यांपासून खिशातल्या फोनपर्यंतचे.
मी माईक पुढे सरकवला. नुसतं गुणगुणा, म्हटलं,
शब्द नकोत. शब्द फार नव्हतेच:
लो लो, ला, नुन्ना लो.

यंत्राचं गणित साधं आहे.
स्वर कुठला, ते त्याला कशाला हवं?
आधीच्यापेक्षा चढला, उतरला की थांबला
एवढंच ते टिपून घेतं.

वर वर खाली तिथंच
खाली वर तिथंच तिथंच

खोकला गाळतं. श्वास गाळतं.
ओठ उघडतानाचा लहानसा चिकट आवाज, तोही.
मग सुरुवात शोधतं, शेवट शोधतं,
दोन्ही टोकं कातरतं.
सुरुवात कुठाय तिला? एलेन-इंगा म्हणाली,
मी मध्येच शिरले, मध्येच बाहेर पडले.
ती चालूच आहे.

निकाल आला. त्यातल्या त्यात जवळचा:
एकसष्ट टक्के. चीजची जाहिरात, बर्गन, १९८८.
कवळी सावरत ती हसली.
आवडायचं मावशीला चीज,
पण इतकं नाही.

पुन्हा गायली. पुन्हा, जरा सावकाश.
मी अट सैल केली तशी
झुंबड उडाली: वारा, जनरेटर,
फिनलंडमधला कुणी रेनडिअर मोजताना.
अट आवळली.
जुळणी सापडली नाही.
कळसा तिच्याच काखेत होता
आणि मी गावाला वळसे घालत होतो.

निघताना म्हणाली, नसू दे. मला येतेच की ती.
मग शोधत कशाला होतात?
दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायची होती.
किती वर्षं आपणच हाक मारायची
आणि आपणच ओ द्यायची?

फसलेले शोध तीस दिवस राहतात,
मग आपोआप पुसले जातात.
ठेवायचे तर अर्ज.
संगीतकार? रिकामं. हक्क कुणाचा?
फोन करून विचारलं.
जिचा योइक तिचाच, आणखी कुणाचा?
मयत व्यक्तीचं नाव अर्ज घेत नाही.

म्हणून एकोणतिसाव्या दिवशी
मी तिचाच आवाज तिला शोधायला पाठवतो.
वर वर खाली तिथंच.
जुळणी सापडली नाही.
की तीस दिवस पुन्हा पहिल्यापासून.
नऊ खेपा झाल्या. आमच्या साहेब टुरिडबाई,
त्यांना अजून पत्ता नाही.

काल नवा माईक तपासत होतो.
खोलीत कुणी नव्हतं. तोंडाला आलं ते गुणगुणलो.
फसलेल्या शोधांचा कप्पा
चुकून उघडा राहिला असावा.
यंत्र क्षणभर अडलं, मग:

जुळणी, त्र्याऐंशी टक्के.
अकरा सेकंद. जानेवारी. एलेन-इंगा.

उरलेले सतरा कुठे सांडले ते पाहिलं.
तिसऱ्या पायरीला ती खाली उतरते,
मी तिथंच उभा राहिलो होतो.

फोन लावलाय. पलीकडे वाजतोय.
कानात यंत्र आहे तिच्या,
जरा मोठ्यानं म्हणावं लागेल.