पट्टी

काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, नळीतून पाहिल्यासारखं दिसेल,
मग नळी बारीक होत जाईल.
सदतीस वर्षं भूमापनात नकाशे काढले मी,
धुऱ्यावरून भाऊ भावाला कोर्टात खेचायचा
तेव्हा माझीच रेघ साक्षीला उभी राहायची.
आता बँकेच्या स्लिपवर माझी सही
ओळ सोडून खाली घरंगळते,
उतारावरच्या सायकलीसारखी.

खिडकीतली पोरगी म्हणाली, आजोबा,
कोणाला तरी मुखत्यार करा.

कोणाला?

तांडापेठ, मे महिना,
कूलर नुसताच घरघरतो.
पुतण्या रोशन आला सांबारवडी घेऊन.
ही गेल्यापासून पहिल्यांदाच आठवलं त्याला
मला सांबारवडी आवडते ते.
बेशाचा प्लॉट किती फुटांचा,
हे मात्र दर वेळी आठवतं.

मुलगी बिलासपूरहून फोनवर रडते.
लबाड नाही ती. घाबरट आहे.
नवऱ्याने पुढे सरकवलेल्या कागदावर
आधी सही करते, मग विचारते कशाचा होता.
लबाडापेक्षा मला याचीच धास्ती जास्त.

शेजारचे बोकडे गुरुजी? देवमाणूस.
पण देवमाणसाला हिशेब मागता येत नाही.

त्याच आठवड्यात महापालिकेचं पत्र आलं.
रोशनने वरवर चाळलं: काही नाही काका, नेहमीचंच.
मुलीला फोटो पाठवला: बाबा, तुम्ही टेन्शन घेऊ नका.
संध्याकाळी कुंदा ठवकर आली,
पतसंस्थेची पिग्मी गोळा करते, चौदा वर्षं झाली,
रोजचे पन्नास, डायरीत नोंद,
लुना चालूच ठेवून.
पत्र तिच्या हातात दिलं.
तिने लुना बंद केली.
जावक क्रमांकापासून वाचत गेली.
घरटॅक्स थकबाकी अकरा हजार चारशे, दंड वेगळा.
"दोन वर्षं भरलाच नाही तुम्ही. काहून?"
भरला, मी म्हणालो.
"मंग पावती दाखवा."
पावती नव्हती.
कानशिलं तापली माझी. रात्री जेवलो नाही.
सकाळी उठलो तेव्हा माणूस ठरला होता.

"मले नको बाप्पा," ती म्हणाली,
"उद्या तुमचा पुतण्या माह्या दारात येऊन बोंबलला तर?"
चार दिवस पिग्मीलाही फिरकली नाही.
पाचव्या दिवशी आली ती अटी घेऊन.
बँक, टॅक्स, पेन्शन, एवढंच.
प्लॉट विकायचा अधिकार कागदात नको.
"मले पण मन आहे, मामाजी. पोराची फी आहे."
आणि दर रविवारी हिशेब वाचून दाखवीन,
तेव्हा गुरुजींना बसवायचं,
चहा पिऊन झोपतील, तरी बसवायचं.

सिव्हिल लाइन्सला वकिलाकडे गेलो.
"मी, नत्थू गणपत निनावे" टाइप करताना
पोरगं हसलं. हसू द्या.
वकील म्हणाले, तुम्ही गेलात की हा कागदही संपला.
बरं झालं, म्हटलं,
एक तरी गोष्ट सोबत येईल.
नात्याच्या रकान्यात काय लिहू?
मी गप्प. कुंदा पंख्याकडे पाहत राहिली.
आडवी रेघ मारा, मी सांगितलं,
रेघ मला कळते.

मग सही.
रोशन असता तर हात धरला असता,
प्रेमानेच,
आणि सही त्याच्या वळणाची झाली असती.
कुंदाने माझ्याच पिशवीतली पट्टी काढली,
कचेरीतली, लाकडी, कडेचे इंच झिजलेले,
आणि ओळीखाली टेकवून धरली.
हात नाही धरला.
पेन पट्टीला घासत गेलं,
नत्थू, गणपत, निनावे,
आणि शेवटची मात्रा
पट्टी सोडून वर, माझी मी काढली.

वाकडी आली जरा.
चालते, असं कारकून म्हणाला.