चार नंबरचा जिना

इझिदोर बार्रेटो दर शनिवारी दाढीला येतो,
मासळीबाजार उठल्यावर, साडेअकराच्या सुमारास.
बेतूलच्या जेटीकडे पाठ करून बसतो खुर्चीत,
म्हणजे जेटी आरशात येते,
उलटी.

सव्वीस वर्षं जहाजावर भटारखाना सांभाळला त्याने.
बंदरं पाहिली शेकड्याने, बोलायचा एकाचंच.
'खिखोन. घशातून काढ, गुणो.
काटा अडकल्यासारखा.'
मी वस्तरा उचलून धरायचो.
गळ्यावर पातं असताना
तो शब्द कुणी म्हणू नये.

उत्तर स्पेन. इंजिनात बिघाड. एकोणीस दिवस.
बास, एवढाच त्याचा त्या शहराशी संबंध.

ब्रशातला फेस बोटावर घेऊन
आरशावर काढायचा तो:
ही कोयत्यासारखी वाकलेली वाळू,
टोकाला इगर्ज, लाटा थेट तिच्या भिंतीला.
ही टेकडी, कोळ्यांची जुनी वस्ती,
गल्ल्या इतक्या अरुंद
की वाळत घातलेली चादर
समोरच्याची खिडकी पुसते.
आणि खाली, जमिनीच्या पोटात, रोमन लोकांची न्हाणीघरं.
'दोन हजार वर्षांपूर्वी गरम पाणी, गुणो!
आणि तुझा अजून हा स्टोव्ह.'

वाळूवर उतरायला जिने.
प्रत्येक जिन्याला नंबर.
भरती आली की वाळू संपते,
पायऱ्या एकेक करून पाण्यात जातात,
नंबर तेवढे वर राहतात.
चार नंबरच्या जिन्यावर तो रोज संध्याकाळी बसायचा.
का, ते मी विचारलं नाही.
न्हाव्याने काही गोष्टी
केसांबरोबर झाडून टाकायच्या असतात.

सफरचंदाची दारू तिथली:
बाटली डोक्याच्या वर, पेला मांडीपाशी,
आणि ओतणारा भलतीकडेच बघत असतो.
हे त्याने मला माझ्याच तांब्याने करून दाखवलं.
फरशी ओली, बाकावरचा पेपर ओला,
पेपर वाचणारा पाद्रूचा भाऊ ओला.
'निम्मी सांडायचीच असते,' म्हणाला.

मी मडगावच्या पुढे फारसा गेलेलो नाही.
एकदा हुबळीला, मेहुणीच्या लग्नाला.

गेल्या नाताळापासून त्याचं जरा सरकलंय.
इगर्ज आता आसोळण्याची काढतो,
टेकडीवर बेतूलचं दीपगृह ठेवतो,
साळ नदी आणून सोडतो त्या वाळूत.
लेक आयव्ही दारात थांबते, मोबाइल बघत.
पन्नासची नोट तो दोनदा देतो,
एक मी त्याच्या खिशात परत घालतो.

परवा बोट आरशापाशी नेलं
आणि तिथंच धरून राहिला.
फेस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला.
'इथं काय होतं रे?'

मी ब्रश घेतला.
वाळू काढली. इगर्ज टोकाला.
टेकडी आधी चुकली, पुसून पुन्हा काढली.
चादर. खिडकी. न्हाणीघरं.
जिने मोजून काढले,
हात कापत नव्हता, कापायला हवा होता.

तो आरशातून माझ्याकडे बघत राहिला.
'तू गेला होतास?'

'एकोणीस दिवस,' मी म्हणालो.
'इंजिन बिघडलं होतं.'

'बसायचास कुठं?'

'चार नंबरवर.'

मग कितीतरी वेळ काही नाही.
जेटीवर कुणीतरी बर्फ फोडत होतं.
'म्हणजे ती भेटली असेल तुला,' तो म्हणाला,
अगदी हळू, दाराकडे न बघता.
'माझं विचारलं तिनं?'

पातं त्याच्या हनुवटीखाली होतं.
अशा वेळी न्हावी श्वास धरतो.

'भरती होती, इझिदोर.
जिना पाण्यात होता.
नंबर तेवढा दिसत होता.'

त्याने मान हलवली. बरोबर, म्हणाला.
संध्याकाळी तसंच होतं तिथं.

लेक त्याला हाताला धरून घेऊन गेली.
पुढचं गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, ट्रॉलरवरचा पोरगा,
म्हणाला, आरसा पूस की, तोंड दिसत नाही.

थांब जरा, मी म्हणालो,
ओहोटी लागू दे.