शंभर सेकंदांचा बिंदू

ताळगावच्या पठारावर रात्रीचे पावणेदोन.
भट्टी आठशे अंशांवर, तिच्या पोटात
रुपयाएवढी चकती:
मधे पांढरं झिरकोनिया, एका अंगाला निकेल,
दुसऱ्या अंगाला काळा मँगनाइट.
कायतान म्हणतो, भट्टीवर थर्मास ठेवू नको.
मी ठेवते.

यंत्र आधी घाईतले प्रश्न विचारतं,
सेकंदाला लाखभर लाटा,
आणि चकती पुढच्या बाकावरच्या मुलीसारखी
भराभरा उत्तरं देते.
मग लाटा मंदावतात.
शेवटच्या बिंदूला एका लाटेचे शंभर सेकंद.
पडद्यावरचा चाप खाली टेकायच्या बेतात,
मी चणे खाते.

हवेतून ऑक्सिजन जोडीनं येतो.
जोडी फुटायला हवी,
मग प्रत्येकाला दोन-दोन इलेक्ट्रॉन,
मग जाळीत एक रिकामी जागा.
आणि हे कुठंही होत नाही.
हवा, काळा कण, पांढरं झिरकोनिया
तिघं जिथं एकमेकांना शिवतात
त्या केसाहून बारीक काठावरच.
बाकीचा पृष्ठभाग
नुसता तापत बसतो.

बाबा चोडणला मानस राखतात.
भरतीला मिटणारं, ओहोटीला उघडणारं
खाजणाचं लाकडी दार.
तुझी वीज अडते कुठं, त्यांनी विचारलं होतं,
मी सांगायच्या आत स्वतःच म्हणाले,
"शेतांत उदक कितलें तें विचारूं नाका,
दार केदें तें विचार."

आज ऑक्सिजन पातळ केला, नायट्रोजन वाढवला.
उजवीकडचा चाप फुगला.
म्हणजे दार इकडे, काळ्या बाजूला.
तीन महिने मी निकेलला शिव्या घातल्या,
हायड्रोजनच्या नळ्या चारदा बदलल्या.
निकेल, माफ कर.

आयन पुढं सरकतो,
कारण पुढची जागा रिकामी असते.
आमच्या वाड्यावरही आठ घरं रिकामी,
माणसं स्विंडनला, लिस्बनला, कुलपं गंजलेली.
तिथं मात्र कुणी सरकत नाही.
ही उपमा वहीत लिहिली
आणि खोडली. तापमान कमी पडतं बहुतेक.

बिंदू पडला.
चापापासून जरा सुटा, गळ टाकून बसलेल्यासारखा.
गळती असेल. किंवा कायताननं दार आपटलं असेल.
किंवा खरंच तिथं आणखी काही आहे,
याहूनही सावकाश.

पहिली फेरीबोट सुटायला अजून वेळ आहे.
मी पुन्हा बटण दाबते,
थर्मास उचलून खाली ठेवते,
आणि मोजते: एक,
दोन.