पासष्ट हजार पाचशे पस्तीस

नोव्हेंबरात सिमोयोकी नदीतून
एका रात्रीत पासष्ट हजार पाचशे पस्तीस सॅमन मासे
वर गेले, असं यंत्र म्हणतं.
वर बर्फ वीतभर जाड. कुठले मासे?

ओउलूत, तिसऱ्या मजल्यावर, इर्या
गार कॉफीत चमचा फिरवते, साखर नसताना.
हा आकडा तिच्या ओळखीचा: सोळाच्या सोळा बिट एक.
म्हणजे पलीकडे कुणी नाही.
दार वाजवलं, आपलीच थाप परत आली.

सोनारने तासातून चार मिनिटं जागायचं,
उरलेला वेळ झोपायचं,
बॅटरी मार्चपर्यंत पुरली पाहिजे.
सोपं वाटलं होतं.
झोपवायच्या बारा ओळी, उठवायच्या नऊ,
शुक्रवारी दुपारी लिहून ती पोहायला गेलेली.

आता ओळीओळीवर बोट.
झोपताना आधी लेकरू, मग आई:
आधी सोनार, मग बस, सगळ्यात शेवटी घड्याळ.
उठताना आई आधी.
तिने लेकराला हाक मारली होती
घरात दिवा लागायच्या आत.

घड्याळ वर घेतलं. चिप उठली.
इंटरप्ट अगदी शेवटी उघडला.
ओस्मोने चाचणीच्या पिंपात
दोरीला बांधून सार्डिनचा डबा फिरवला.
मासे: शून्य.
पुन्हा फिरवला.
शून्य.

शनिवारी ती तळ्याकाठच्या कॉटेजवर.
अर्मासच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय,
यंदा घर झोपवायचं काम लेकीचं.
कपाटाच्या दाराआड बापाचा कागद, पेन्सिलीने:
होडी पालथी. मोटर बंद. नळ सगळे उघडे.
मोरीत मूठभर मीठ. उंदरांना काही ठेवू नये.
सगळं करते. तरी पंप हलवला की
आत काहीतरी डुचमळतं.
उणे तीसला एवढंसं पाणी बीड फोडतं.

फोन. मागे टीव्हीवर हॉकी.
"बाबा, पंपातलं पाणी?"
बराच वेळ नुसती कॉमेंट्री.
या माणसाला सांगता येतं, त्याच्यातलं वाचता येत नाही;
शाळेपासून ती सांगत आलीय.
"खाली एक स्क्रू आहे. तो काढायचा."
"कागदावर नाही तो."
"ते काय लिहायचं?"
मग, कुणीतरी गोल केल्यावर:
"कॉफीच्या डब्यात ठेव. नाहीतर वसंतात सापडत नाही."

डब्यात आधीच तीन स्क्रू होते.

निघताना कागदाखाली ती एक ओळ वाढवते.
पेन्सिल बापाचीच, अक्षर वेगळं.
आणि निघतच नाही. पायरीवर बसून
लॅपटॉप उघडते, बोटं कापलेले हातमोजे घालून.
मॅन्युअल, पान एकशे बारा, तळटीप, मुंगीएवढ्या अक्षरात:
हे रजिस्टर फक्त लिहिण्यासाठी. वाचल्यास शून्य.

कान किती तिखट ठेवायचा, ते त्यात असतं.
झोपण्याआधी ती ते इमानाने वाचत होती,
मिळालेलं शून्य जपून ठेवत होती,
आणि उठल्यावर तेच शून्य
इमानाने परत देत होती.
बहिऱ्या सोनारसमोरून डबा गेला, डबा आला.

त्याला विचारायचंच नाही तर.
सांगतानाच एक प्रत आपल्याजवळ ठेवायची.
तिने स्ट्रक्चरमध्ये एक खण वाढवला,
नाव दिलं "काह्वी", त्यांच्या भाषेत कॉफी,
आणि दुसऱ्यांना दाखवायच्या आधी बदलून "गेन" केलं.

सोमवारी पिंपात: एक. एक. एक.
ओस्मोचं मनगट भरून आलं.
मग रात्रभर स्क्रिप्ट लावून दिली, झोप, ऊठ, झोप, ऊठ,
सार्डिनचा डबा दोरीला लटकलेला,
खिडकीत बर्फ भुरभुरत.
सकाळी लॉग पाहिला. चारशे सोळा वेळा बिनतक्रार उठलं.
चारशे सतराव्यांदा नाही.

इर्या अंगावर चढवलेला कोट काढते,
खुंटीला लावते.